सुरात लावलेला व्हॅक्यूम क्लीनर

धूळ ओढून घेणारं यंत्र मी एका रविवारात करून देते, असं मी अब्बांना छातीठोकपणे सांगितलं. दिवस अगदी साधा होता. मिरजेतल्या आमच्या दुकानात अब्बा तंबोऱ्याचा भोपळा घासत होते, शमशेरचाचा दांडी तासत होते, आणि दोघंही पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसत होते. मी सांगलीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. पोरीचे हात खराब होऊ नयेत म्हणून अब्बांनीच मला शिकायला पाठवलं होतं. ते हसले. म्हणाले, "कर की. आधी चहा पी."

सोमवारी सकाळी ते उठलेच नाहीत.

अब्बांचं चाळिसावं झाल्यावर डॉक्टरांनी चाचांची छाती तपासली. एक तर धूळ बंद करा, नाही तर दुकान, म्हणाले. चाचांनी निमूटपणे हत्यारं गोणीत भरायला घेतली. मी ती परत बाहेर काढली आणि येता रविवार मागून घेतला.

तत्त्व सोपं होतं. व्हॅक्यूम क्लीनर हवा ओढणार, ती मधल्या गोल भांड्यात गरगर फिरणार, जड धूळ भांड्याच्या तळाशी बसणार. आता आमच्या दुकानात गोल भांड्याला काय तोटा? माळ्यावर नापसंत ठरलेला एक भोपळा होता. त्याला दोन भोकं पाडली, पाइप बसवले, बटण दाबलं, आणि यंत्र चाललं! धूळ सरसर आत जाऊ लागली.

पण भोपळा तो भोपळाच. हवा शिरताच तो गाऊ लागला, आणि तेही किंचित उतरलेल्या सुरात.

मला ते कळलंसुद्धा नाही. चाचांचा चेहरा मात्र भातात खडा लागल्यासारखा झाला. आयुष्यभर उतरलेले तंबोरे सुरात आणलेला माणूस तो. माझी पाठ वळताच त्यांनी धूळ शिरायच्या पाइपाच्या तोंडात चिंधी कोंबली. सूर थोडा चढला. त्यांनी अजून थोडी कोंबली.

"चाचा, चिंधी काढा. हवा अडतेय."

"थांब गं, षड्जाला लय थोडं कमी हाय."

षड्ज लागला. खोटं कशाला बोलू, सुरेख लागला. पुढच्याच क्षणी हत्तीखाली अंडं यावं तसा भोपळा आतल्या आत फुटला. त्यातली सगळी धूळ व्हॅक्यूमने एका घोटात गिळली, तेवढ्याने त्याची पिशवी फाटली, आणि मागच्या झोताने ती धूळ खिडकीतून थेट गल्लीत. समोर राहणाऱ्या रंगूबाईंच्या ओल्या कुरडया तिथे वाळत पसरलेल्या होत्या.

रंगूबाई आल्या. दुकान पाडायला घेतलं असंच त्यांना वाटलं होतं. चाचांनी अदबीने सांगितलं की सूर लावत होतो. त्यावर रंगूबाई जे बोलल्या त्यातलं लिहिण्याजोगं एकच वाक्य आहे.

"तुझ्या अब्बानं जलमभर धूळ उडवली, पर माझ्या कुरडयांवर कवा येऊ दिली न्हाई."

मी त्यांच्याबरोबर नव्याने चीक शिजवला, सोऱ्या फिरवला, आणि दुखरे दंड चोळत दुसऱ्या यंत्राचा विचार केला.

पुढच्या रविवारी व्हॅक्यूमला नवी पिशवी आणि भोपळ्याच्या जागी रंगाची जाड बादली आणली. बादलीला सूर नव्हता, नुसती ट्रॅक्टरसारखी घरघर. चाचा कानांना मफलर बांधून भोपळा घासायला बसले. उठेल ती धूळ पाइपात नाहीशी होत होती. तासभर ते एकदाही खोकले नाहीत. शेवटी त्यांनी गोणी झटकून हत्यारं भिंतीवर लावली. धूळ गल्लीत येत नाही ना, याची खात्री करून घ्यायला रंगूबाई दारातच उभ्या होत्या.

अब्बांची जागा मोकळी होती. मी तिथे बसले आणि एक भोपळा मांडीवर घेतला. एवढ्या घरघरीत कुणाला काय ऐकू जातंय, म्हणून मनातलं बोलायला सुरुवात केली, आणि वाक्याच्या मध्यावर लाईट गेली. उरलेलं अर्धं वाक्य चाचांनी ऐकलं, रंगूबाईंनी ऐकलं, गल्लीनेही ऐकलं असणार. चाचांनी कानांवरचा मफलर सोडला. आता अर्धंच ठेवून काय करायचं? मी पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.

"अब्बा, मला कॉलेज नको होतं. मला तुमच्या शेजारी इथं बसायचं होतं."