लोकांचे थर्मास

जगदेवरावांच्या पत्नी निरुपमाबाई गेल्याचं बडोद्याच्या फतेगंजमधल्या त्या गल्लीत कळलं, त्या सकाळी पाहता पाहता त्यांच्या घरच्या टेबलावर थर्मासांची रांग लागली. दुःखाच्या घरात चूल पेटत नाही. म्हणून ज्याला त्याला वाटलं, चहा आपणच न्यावा! जगदेवराव जरा रडायला लागले की समोर कप येई. "घ्या थोडा. रडायलासुद्धा ताकद लागते!" सगळ्यांनी साखर सढळ हाताने घातली होती. त्या रात्री जगदेवराव टक्क जागे राहिले. लोक म्हणाले, शोक. निम्मा चहा होता!

थर्मास टेबलावरच राहिले. भांडं रिकामं परत द्यायचं नसतं, एवढं जगदेवरावांना माहीत होतं. पण त्यात काय घालून द्यायचं, हे खातं निरुपमाबाईंचं होतं.

दिवाळी तोंडावर आली, तसे डॉक्टर म्हणाले, "साखर वाढलीय, ब्लडप्रेशर वाढलंय. सणासुदीचा ताण घेऊ नका आणि गोडाला हात लावू नका." पुण्याहून मुलीचा, अहल्याचा फोन आला. "बाबा, दिवाळीनंतरच्या तपासणीत साखर उतरलेली दिसली नाही, तर बडोद्याचं घर बंद! मी येऊन तुम्हाला घेऊन जाणार."

जगदेवरावांना बडोदं सोडायचं नव्हतं. पण शोकाची पहिली दिवाळी! घरात तळण नाही, म्हणजे सगळी गल्ली फराळ आणणार. नुसता आणून ठेवणार नाही, समोर बसून भरवणार. त्याशिवाय दुखवटा निघत नाही!

जगदेवरावांनी शहराबाहेरच्या बाजव्याचे मित्र संपतराव यांना बोलावून घेतलं.

"माझे आजोबा गायकवाडांच्या फौजेत होते," जगदेवराव छाती काढून म्हणाले. "किल्ला लढवणं आमच्या रक्तात आहे! तू बाहेरून कुलूप लाव आणि जा. गल्लीला सांगतो, पुण्याला चाललो. अहल्याला सांगतो, तुझ्याकडे आहे. आत मोड आलेले मूग, कोमट पाणी आणि शवासन. भाऊबीजेला दार उघडशील तेव्हा पैलवान बाहेर येईल, पैलवान!"

"आणि मागचं दार?"

"पावसात फुगलंय. हत्ती लावला तरी हलणार नाही."

"एक चावी तुझ्याकडे राहू दे."

"नको. दोन्ही घेऊन जा. मोह नको!"

संपतरावांनी आजोबांच्या वेळचं, नारळाएवढं कुलूप लावलं आणि ते बाजव्याला गेले.

सुरुवात तर झकास झाली. दारापर्यंत पावलं येत, "अरेरे, कुलूप आहे!" म्हणत परत जात. जगदेवराव अंधारात मूग चावत हसत. दुसऱ्या दिवशी मूग नकोसे झाले. तिसऱ्या दिवशी ते शवासनात इतके स्थिर पडले की पोटावरून झुरळ निवांत फिरून गेलं. फोन वाजे. उचलायची सोय नव्हती!

पाडव्याच्या सकाळी फोन वाजला, तो शेजारी, कुसुमावतीबाईंच्या घरी. मधली भिंत पातळ. जगदेवरावांनी कान लावला.

"अगं अहल्या! पाडव्याच्या शुभेच्छा! बाबांना दे बघू फोन... काय? बाजव्याला? अगं, ते तर तुझ्याकडे आलेत ना?"

मग भिंतीपलीकडे भांडं पडलं.

पाच मिनिटांत सगळी गल्ली कुलपासमोर हजर! समोरच्या दक्षाबेन नव्या वर्षाचं 'साल मुबारक' करायला निघाल्या होत्या, त्या घूघऱ्यांचं, म्हणजे गुजराती करंज्यांचं ताट घेऊनच धावल्या.

"हाय हाय! काका गेले कुठे?"

"मला निघायच्या आदल्या दिवशीच म्हणाले होते," कुसुमावतीबाई रडत म्हणाल्या, "आता काय राहिलंय माझं!"

ते मी दातांबद्दल म्हणालो होतो, हे जगदेवरावांना आतून सांगावंसं वाटलं.

"सुरसागरावर माणूस पाठवा! तळ्याचा काही भरवसा नाही!"

"पोलिसांत कळवा!"

"कसली जोडी होती हो! ती गेली आणि हा माणूस निम्मा झाला. आपलंच चुकलं, एकटं सोडायला नको होतं."

आता मात्र जगदेवरावांना राहवेना. त्यांनी रस्त्यावरची खिडकी उघडली आणि गजांना तोंड लावलं.

"मी इथेच आहे!"

दक्षाबेन अशा किंचाळल्या की घूघरे गल्लीभर झाले!

कुसुमावतीबाईंनी डोळे पुसले. मग पदर खोचला. "आत आहात? मग कुलूप बाहेरून कोणी लावलं?"

"मीच लावून घेतलं."

"का?"

"तुमच्या फराळाच्या भीतीने."

मग कोणीतरी फिसकन हसलं आणि हसण्याची लाटच आली.

"फोडा ते कुलूप!"

"पाडव्याच्या दिवशी फोडाफोडी नाही," कुसुमावतीबाई म्हणाल्या. "बाजव्याहून चावी आणा." दक्षाबेनचा नवरा स्कूटरवरून निघाला. "तोवर हे कुठे पळतात बघू! आणा गं करंज्या!"

आणि खिडकीसमोर रांग लागली. कमाटीबागेतल्या अस्वलाला पोरं शेंगदाणे घालतात, तसं गजांतून एकेक हात आत येऊ लागला. बेसनाचा लाडू, अनारसा, मोहनथाळ.

"काका, मोढुं खोलो! घरचं घी आहे!"

"अहो दक्षाबेन, साखर वाढलीय!"

"तो शुं थयुं? साखर कमी घातली छे!"

"डॉक्टर..."

"डॉक्टरांनाही डबा दिलाय. गुमान खा!" कुसुमावतीबाईंनी अर्धी करंजी त्यांच्या तोंडात सारली आणि त्यांचं लक्ष आत गेलं. "तो निळा थर्मास माझा ना हो? केव्हापासून शोधतेय! परत का नाही दिलात?"

जगदेवरावांनी करंजी गिळली. "रिकामा कसा देऊ? ती काहीतरी घालून द्यायची. मला सुचेना."

लाडू धरलेला एक हात आत यायचा होता, तो बाहेरच थांबला.

"आणा तो इकडे," मागून कोणी म्हणालं. जगदेवरावांनी निळा थर्मास उचलून आणला. पण गज इतके जवळ की तो निघेना! उभा, आडवा, तिरका. सगळ्यांनी सल्ले दिले. निघाला नाही तो नाहीच.

एवढ्यात संपतराव चावी घेऊन आले. दार उघडल्यावर पैलवान बाहेर आला, मिशीला मोहनथाळ लागलेला.

दिवाळीनंतरच्या तपासणीत साखर किती निघाली, ते सांगत नाही. डॉक्टरांनी आकडा वाचून चष्मा पुसला आणि परत वाचला. अहल्याने लगेच फोन केला.

"बाबा, ठरल्याप्रमाणे! सामान बांधायला घ्या."

"येतो की," जगदेवराव म्हणाले. "पण लोकांचे थर्मास आहेत माझ्याकडे. ते परत केल्याशिवाय गाव कसं सोडायचं? तुझ्या आईला चाललं नसतं."

अहल्या म्हणाली, "बरं. आधी ते द्या."

त्या दिवसापासून जगदेवराव रोज सकाळी कमाटीबागेला फेरी मारतात, अस्वलाच्या पिंजऱ्यावरून जाताना मान खाली घालतात आणि बिनसाखरेचा चहा करतात. एकदा त्यांनी निळा थर्मास काठोकाठ भरून शेजारी नेलाही. कुसुमावतीबाईंनी दारातूनच पाहिला. "मला घाई नाही हो, सावकाश द्या," म्हणाल्या आणि आत गेल्या. जगदेवरावांनी तो परत आणला. चहा संध्याकाळपर्यंत गरम होता.

थर्मास परत करायचे अजून राहिलेच आहेत.