नागनाथअण्णांचा क्रँक

आमच्या ओट्यावर शेजारचे नागनाथअण्णा पायऱ्यांनी कधी चढले नाहीत. सायकलसकट उडी मारून येतात. वय साठीच्या पलीकडं, अंगात पांढरा नेहरू शर्ट, डोक्यावर हेल्मेट आणि खाली बिनसीटची सायकल. ही ट्रायल्सची सायकल. ती रस्त्यानं पळवायची नसते. दगडांवरून, कठड्यांवरून टुणटुण उड्या मारत न्यायची, तेही जमिनीला पाय न लावता. एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झाल्यावर लोक भजनी मंडळ धरतात, अण्णांनी हे धरलं. कुणी हसलं की म्हणणार, "आमच्या सांगोल्याकडं शेरडं कड्यावर चढत्यात, ती काय सीटवर बसून?"

एका मंगळवारी ओट्यावर चढताना कडाडकन आवाज झाला. पायडल ज्या दांडीला बसतं, तो डावा क्रँक मोडला होता. अण्णांनी आधी तुकडा उचलला, मग स्वतःला. गुडघा चांगलाच सोलला होता.

"गुडघा भरतोय आपोआप. ह्यो न्हाय भरत," ते म्हणाले. "रविवारच्या आत नवा बसाय पायजे."

"एवढी घाई कशाला, अण्णा?"

"हाय काम."

स्टेशनाजवळच्या दुकानदारानं साध्या सायकलीचा क्रँक पुढं केला. "दोन हातोडे घालतो, बसतोय की."

अण्णांनी सायकल मागं ओढली. "अवो, आस दातेरी हाय हिचा, साध्यागत चौकोनी न्हाय! हातोडा कुटं घालताय?"

दुसऱ्या दुकानातला आसावर बसला, पण अण्णांनी पट्टी लावली आणि मान हलवली. "लई लांब. उडी मारली की कठड्याला घासंल, आन मी तोंडावर." शेवटी पुण्याहून क्रँकची जोडी मागवली. ती येईपर्यंत अण्णा रोज डेपोच्या पार्सल खिडकीशी जुन्या सहकाऱ्यांचं डोकं खात उभे.

शनिवारी जोडी आली. रविवारी सकाळी मी मदतीला. ह्या सायकलीचं फ्रीव्हील मागच्या चाकात नसतं, उजव्या क्रँकवर असतं; जुन्या क्रँकवरचं ते काही केल्या सुटेना. पान्याला पाईप घालून आम्ही दोघंही त्याला लोंबकळलो. सुटलं तेव्हा मी तुळशीपाशी जाऊन पडलो.

"लागलं का, गुरुजी?"

"नाही."

"मग उटा. ग्रीस द्या."

बोल्ट आवळला. अण्णांनी अंगणात चार उड्या मारल्या, उतरले, परत आवळला. पुन्हा उड्या, पुन्हा पाना. माझ्या बायकोनं दिलेला चहा थंड झाला. "नवा क्रँक आदी जरा सैल पडतोय. त्याला बसू द्यावं लागतं," म्हणाले आणि पुन्हा आवळला.

संध्याकाळी म्हणाले, "चला माज्यासंगं."

अक्कलकोट रस्त्याकडं त्यांची धाकटी बहीण राहते, शेवंता. पक्षाघातानं तिचं अर्धं अंग गेलं, वाचाही गेली. आम्ही अंगणात शिरलो तेव्हा तिची सून खाटेजवळची खिडकी उघडत होती. अण्णा थेट सायकलवर चढले. धुण्याच्या दगडावर उडी, तिथून हौदाच्या कठड्यावर, आणि मग मागच्या चाकावर ताठ उभे.

खिडकीतून खोकल्यासारखा आवाज आला. मी घाबरून बघितलं. शेवंताबाई अर्ध्या चेहऱ्यानं हसत होत्या.

"आठवड्यात एवढाच आवाज येतो त्यांचा," सून हळूच म्हणाली.

अण्णा कठड्यावर तोल सांभाळत वाकले. "शेवंते, पुन्यांदा करू?"

शेवंताबाईंनी एक डोळा मिटला.

अण्णा खाली उतरले, सायकल पार फाटकापर्यंत मागं नेली आणि पहिल्यापासून निघाले.