पान दोनशे नऊ ते दोनशे चोवीस

पुस्तक वाचणे आणि पुस्तकाबद्दल मत असणे या दोन स्वतंत्र प्रक्रिया आहेत. त्या कोणत्याही क्रमाने पार पाडता येतात, आणि वेळ कमी असल्यास पहिली वगळता येते. हे तत्त्व मी कुठे वाचलेले नाही. तीन वर्षे अध्यक्षपदावर बसून ते मला अनुभवाने समजले.

माझे शिक्षण तंत्रनिकेतनात झाले. विषय छपाई व पुस्तकबांधणी. पुढे चौतीस वर्षे मी एका मोठ्या छापखान्याच्या बांधणी विभागात काढली, त्यांतली शेवटची अकरा तपासनीस म्हणून. प्रत चांगली की सदोष हे मी नुसती हातात घेऊन सांगत असे. आत काय लिहिले आहे हे पाहण्याची वेळ सहसा आली नाही. हीच पात्रता ध्यानात घेऊन, निवृत्तीनंतर, आमच्या वाचनालयाच्या ‘किशोर कादंबरी व चित्रपट तुलना मंडळा’ने मला एकमताने अध्यक्ष केले.

मंडळाची सभासदसंख्या तेवीस. सरासरी वय एक्कावन्न. (‘किशोर’ या शब्दाची व्याख्या मंडळाच्या घटनेत दिलेली नाही.) त्यांत एक दंतवैद्य आहेत, एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, गॅसच्या शेगड्या दुरुस्त करणारे एक मिस्त्री आहेत, आणि विम्याचे एक एजंट आहेत, ते नेहमी सर्वांत शेवटी आणि सर्वांत जास्त बोलतात, म्हणून त्यांना ‘उपसंहार’ म्हणतात. विशीच्या आतली व्यक्ती एकच : माझी नात, वय पंधरा. पुस्तक डोळ्यांसमोर धरून ती भिंतीच्या कडेकडेने घरभर चालत असते, त्यामुळे घरात तिचे नाव मुंगी पडले.

किशोर कादंबऱ्यांचे कपाट वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावर आहे. मुले पुस्तके खराब करतात असे आढळून आल्याने ते कुलूपबंद असते आणि फक्त मंडळाच्या सभासदांसाठी उघडते. किल्ली चिटणीसबाईंच्या पर्समध्ये. इतरांना सभासदत्वात चहा आणि चर्चा मिळे. मुंगीला ते कपाट मिळे. ते गेले तर तिचे वाचन गेले, एवढा साधा हिशेब होता.

या कादंबऱ्यांचा मी तांत्रिक अभ्यास केला आहे. नायिका सोळा वर्षांची असते. आईवडील वारलेले असतात, किंवा असून नसल्यासारखे. राज्यकारभार दुष्टांच्या हाती असतो आणि तो उलथून टाकण्याचे काम, मोठी माणसे कामात असल्यामुळे, तिच्या गळ्यात पडते. दोन मुलगे तिच्यावर प्रेम करतात. त्यांतला एक कधी हसत नाही. चित्रपटात हीच नायिका सत्तावीस वर्षांची होते, तीन दिवस रानात काढूनही तिचे केस नीट बसलेले असतात, आणि न हसणारा मुलगा कारण नसताना शर्ट काढतो.

ही तफावत मोजण्यासाठी मी बत्तीस मुद्द्यांचा तक्ता तयार केला : केसांचा रंग, भिंतीची उंची, मरणाऱ्या मित्राने मरताना उच्चारलेल्या शब्दांची संख्या, वगैरे. शेवटचा मुद्दा अर्थातच शेवट. तीन वर्षांत सव्वीस चित्रपट तपासले. ‘पुस्तक जास्त चांगलं होतं’ हे मत दोनशे चौदा वेळा नोंदले गेले, त्यापैकी एकसष्ट वेळा चित्रपट सुरू होण्यापूर्वी. उलट मत एकदाही नाही. इतके सातत्य आमच्या छापखान्यात शाईलाही नव्हते.

प्रकरण ज्या कादंबरीवरून घडले तिच्यात भिंतीने वेढलेले एक शहर आहे. शहराचे सगळे पाणी एका दरवाजामागे कोंडलेले, आणि त्याची किल्ली दरवाजा राखणाऱ्याच्या मुलीकडे. वाचनालयात हिची एकच प्रत होती. तिच्यावर तारखांचे एक्केचाळीस शिक्के होते आणि मंडळातल्या प्रत्येकाने ती घरी नेलेली होती. चित्रपटात शेवटी मुलगी दरवाजा उघडते, किल्ली पाण्यात टाकते आणि शहराकडे पाठ फिरवून चालू लागते.

सभासद व्यथित झाले. दंतवैद्यांनी सांगितले की मूळ शेवट किती संयत आहे. मुलगी घरी परतते आणि वाचकाच्या मनात एक शांतता उरते. ती शांतताच या लोकांनी पाण्यात टाकली. मुख्याध्यापिकांना पुस्तकाच्या शेवटी रडू आले होते, ते त्यांनी पुन्हा थोडक्यात करून दाखवले. उपसंहारांनी पावणेदहा मिनिटे घेतली. मी तक्त्यात मुद्दा बत्तीससमोर ‘विसंगती शंभर टक्के’ लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

तेव्हा मुंगी म्हणाली, “पण शेवट तोच आहे. पुस्तकातही ती किल्ली टाकून देते.”

चिटणीसबाई मायेने म्हणाल्या, “बाळ, पिक्चर नुकताच पाहिलायस ना, डोक्यात गल्लत होते अशी.”

“गल्लत नाही झाली. पुस्तक इथेच आहे, बघा ना.”

पुस्तक खरोखरच टेबलावर होते. (टेबलाला डाग पडू नये म्हणून पाण्याचा जग त्याच्यावर ठेवला होता.) दंतवैद्यांनी निदर्शनास आणले की आजचा विषय सभासदांची मते हा आहे, पुस्तक हा नव्हे, प्रत्येक वेळी पुस्तक उघडत बसलो तर चर्चा व्हायची कधी. मिस्त्री म्हणाले, “पोरगी एवढं सांगतेय तर बघायला काय जातंय?” हे विधान विषयांतर म्हणून नोंदवण्यात आले.

घटनेचा नियम नऊ स्पष्ट आहे : पुस्तक न वाचता त्याबद्दल मत देणाऱ्याचे सभासदत्व रद्द होईल. (मसुदा माझाच.) मुख्याध्यापिकांनी जड अंतःकरणाने तसा ठराव मांडला. सर्व तेवीस सभासद हजर होते. नियमानुसार मुंगीला स्वतःविषयीच्या ठरावावर मत नव्हते. इतर सर्वांनी मत दिले, कोणीही तटस्थ राहिले नाही. हात चिटणीसबाईंनी मोजले : बाजूने बारा, विरोधात अकरा. ठराव एका मताने मंजूर झाला. माझा हात बाजूने होता. नातीसाठी पद वापरले असे कोणी म्हणू नये म्हणून. (तसे कोणी म्हणणारही नव्हते.)

मुंगीने आपले कार्ड टेबलावर ठेवले, टेबलाच्या कडेला समांतर, आणि जिना उतरून गेली. घरी तिने अबोला धरला नाही. ती मला फक्त ‘अध्यक्ष’ म्हणू लागली. “अध्यक्ष, जेवायला चला.” सूनबाईंनी वाढताना माझ्याकडे पाहिले नाही.

वाचनालयाची फाटकी पुस्तके दुरुस्त करणे माझ्याकडे असते. पुढच्या गुरुवारी हीच प्रत, पुठ्ठा सुटल्यामुळे, माझ्याकडे आली. अंगठ्याने पाने सोडत गेलो आणि दोनशे नऊनंतर अंगठा अडला. एक पान जाड होते. उलटले तर समोर पान दोनशे चोवीस.

एक मोठा छापील कागद घड्या घालून सोळा पानांचा होतो. त्याला आम्ही फर्मा म्हणतो. घड्यांच्या कडा पात्याने कापल्या की पाने सुटी होतात. हा फर्मा बांधणीत दोन मिलिमीटर आत सरकला होता आणि पाते त्याला लागलेच नव्हते. वरून आणि समोरून बंद, फक्त खालून उघडा. पान दोनशे नऊवर मुलगी ‘घराच्या दिशेने वळली’ होती. पान दोनशे चोवीसवर लेखिकेने आपल्या मांजराचे आभार मानले होते. मधली चौदा पाने बाकीच्या चाळीस वाचनांच्या कोठेही आड आली नव्हती.

मी मुंगीला हाक मारून विचारले, “हे तू वाचलंस कसं?”

“खालून. पानं जरा फुगवायची आणि आत बघायचं, पाकिटात बघतात तसं. मान दुखते थोडी.”

“कापायचं होतंस.”

“वाचनालयाचं पुस्तक आहे, अध्यक्ष. तुम्हीच ओरडला असता.”

मी बोथट सुरीने घड्या कापल्या आणि वाचले. किल्ली पान दोनशे एकवीसवर पाण्यात पडते. माझ्या तक्त्यातला मुद्दा बत्तीस शाईने लिहिलेला होता.

मी विशेष सभा बोलावली आणि कापलेला फर्मा टेबलावर ठेवला. दीड मिनिट शांतता होती. (पुस्तकाच्या शेवटी वाचकाच्या मनात उरते असे सांगण्यात आले होते, ती हीच असावी.) मग दंतवैद्य म्हणाले की शेवट खरोखर असा लिहिलेला असेल, तर लेखिकेला स्वतःचे पुस्तक कळलेले नाही. सभेला हायसे वाटले. मूळ पुस्तकाशी प्रतारणा केल्याबद्दल लेखिकेच्या निषेधाचा ठराव मंजूर झाला. मुंगीबाबत असे ठरले की नियम नऊ तिला आता लागू होत नाही हे खरे; परंतु इतर सभासदांना उपलब्ध नसलेली पाने वाचून तिने समान संधीच्या तत्त्वाला धक्का लावला, सबब पूर्वीचा निर्णय कायम. मी अध्यक्ष या नात्याने सर्वांचे आभार मानले.

रविवारी मी दोन्ही सभांचा वृत्तांत सुवाच्य अक्षरात उतरवत होतो. मुंगी माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिने पेन्सिलीने एका ओळीखाली बारीक रेघ ओढली.

“अध्यक्ष, तेवीसातून मी वजा झाले की किती उरतात?”

“बावीस.”

“मग बारा आणि अकरा?”

मी चौतीस वर्षे हजार-हजार प्रतींचे गठ्ठे मोजले आहेत. चिटणीसबाईंना फोन केला. त्यांनी निःसंकोचपणे सांगितले की स्वतःचा हात त्यांनी एकदा सभासद म्हणून मोजला आणि एकदा चिटणीस म्हणून, कारण दोन्ही जबाबदाऱ्या त्यांच्याकडे आहेत. म्हणजे अकरा विरुद्ध अकरा. समान मते पडल्यास ठराव बारगळतो, असे नियम सहा सांगतो. आणि मूळ निर्णयच नसला की विशेष सभेला कायम ठेवायलाही काही उरत नाही. खाली सही माझी होती.

बेरजेतली चूक अध्यक्षाला स्वतःच्या सहीने दुरुस्त करता येते. ती मी त्याच दिवशी केली आणि कार्ड मुंगीला परत दिले. मग नियम नऊ ज्या एका सभासदाला लेखी पुराव्यानिशी लागू होत होता, त्याला लावून त्याचे सभासदत्व रद्द केले. पुरावा मुद्दा बत्तीससमोर दोन रेघांसह उपलब्ध होता. इतरांची मते तोंडी असल्याने त्यांच्याविरुद्ध काही करता आले नाही. अध्यक्षपदाचा माझा राजीनामा मुंगीने वाचून पाहिला आणि म्हणाली, “आजोबा, तारीख राहिली.”

मतमोजणीचा तो आकडा मी या लेखात मुद्दाम जसाच्या तसा ठेवला आहे, सभासदसंख्येसह. आपण तो वाचलात आणि पुढे आलात. दंतवैद्यांबद्दल आपले मतही तोवर पक्के झाले होते. मंडळात अध्यक्षाची जागा रिकामी आहे. आपण अवश्य अर्ज करावा. (ज्यांनी तो आकडा तिथल्या तिथे पकडला, त्यांचा विचार केला जाणार नाही.)