आहेराचं कुंपण

सगळी चूक माझ्या डाव्या गुडघ्याची आहे. घरात हे कोणी मान्य करत नाही, पण मी लिहून ठेवतो. गुडघा नीट वाकला असता तर मी खालचं गाठोडं ओढलं असतं. वाकला नाही, म्हणून वरचं ओढलं. मी केलं ते एवढंच. पुढचं आपोआप होत गेलं.

आधी घराचं सांगतो, नाहीतर तुम्हालाही काही कळायचं नाही. माझा मुलगा नवीन, जळगावात नोकरीला. त्याने गावाबाहेरच्या कॉलनीत प्लॉट घेतला, तो उताराचा. मी म्हणालो होतो, उताराचा घेऊ नको. तो म्हणाला, आबा, व्ह्यू आहे. (व्ह्यू मी जाऊन पाहिला. खालच्या रतिलालच्या गच्चीवर वाळत घातलेले लेंगे दिसतात.) आम्ही चोपड्याकडचे केळीवाले. शेत पुतण्याला कसायला देऊन मी आणि शेवंताबाई इकडे आलो, प्लॉटच्या मागे दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि बांधकामावर लक्ष ठेवू लागलो. म्हणजे ती मजुरांना चहा द्यायची आणि मी मिस्त्रीला नावं ठेवायचो.

पाया खणला तेव्हा काळी माती निघाली, तिचा हा एवढा ढीग प्लॉटवर पडला. भादव्यात दोन सरी आल्या आणि ढीग हळूहळू उतरून रतिलालच्या अंगणात जाऊन बसला. रतिलाल वरणगावच्या कारखान्यातून रिटायर झालेला. तीस वर्षं स्टोअर सांभाळलं, एक स्क्रू इकडचा तिकडे होऊ दिला नाही, असं तो स्वतःच सांगतो. सकाळी तो वर आला.

"झिपरूभाऊ, ही तुमची माती."

"माती खालीच जाणार. वर थोडीच चढणार?"

"माझ्या फरशीवर बोटभर चिखल आहे. आता यापुढे एक घमेलंभर जरी आली, तर हा अर्ज महापालिकेत जाईल. काम बंद."

अर्ज खिशात तयार होता. फक्त तारखेची जागा मोकळी सोडली होती.

नवीनचा चेहरा पडला. शुक्रवारी स्लॅब टाकायचा होता. सोमवारपासून पितृपक्ष, त्यात शेवंताबाई एक वीटसुद्धा ठेवू देणार नाही. पंधरा दिवस थांबलो तर सेंट्रिंगवाला फळ्या उचलून दुसऱ्या साइटवर जाणार, आणि तो एकदा गेला की दिवाळीनंतरच दिसणार. म्हणजे काय, तर शुक्रवारपर्यंत आमची माती रतिलालच्या अंगणात जाता कामा नये.

नवीनने इंजिनीअरला बोलावलं. इंजिनीअर म्हणजे डिंपल नावाची नातीच्या वयाची पोरगी, डोक्यावर पिवळी टोपी.

"आबा, खालच्या बाजूला सिल्ट फेन्स लावू," ती म्हणाली. "खुंट ठोकायचे, त्यांना कापड बांधायचं, आणि कापडाची खालची कड वीतभर चर खणून मातीत गाडायची. पाणी झिरपून जातं, माती मागे राहते."

"म्हणजे डुकराचं कुंपण."

"काय?"

"आमच्याकडे मक्यात रानडुक्कर शिरतं म्हणून शेताला चहूबाजूंनी जुन्या साड्या बांधतात. डुकराला वाटतं माणूस उभा आहे."

तिने पिवळी टोपी सारखी केली. मग म्हणाली, "तसंच. फक्त गाडायचं."

तिचं कापड नाशिकहून यायचं होतं, आणि ट्रान्सपोर्टवाला शनिवार म्हणत होता. नवीन डोकं धरून बसला. मी म्हणालो, "त्या कापडाचं मी बघतो." चार शब्द. माणसाने चार शब्द बोलतानासुद्धा बसून बोलावं.

शेवंताबाई चुलतभावाच्या तेराव्याला चोपड्याला गेलेली, सून मोहिनी शाळेत शिकवायला. घरात मी एकटा. कपाटाखाली गाठोडी ठेवलेली असतात, एकावर एक दोन. त्यातलं एक जुन्या साड्यांचं, गोधडीला आणि शेताच्या कुंपणाला. ते मला माहीत होतं. दुसऱ्यात काय ते मला माहीत नव्हतं, कारण सेहेचाळीस वर्षांत मी विचारलं नव्हतं. दोन्ही गाठोडी एकसारख्या चौकड्याच्या चादरीत. मी खाली वाकलो, गुडघा म्हणाला नको, वरचं ओढलं.

सोडलं तर आत चोवीस साड्या. काही प्लास्टिकच्या पिशवीतून न काढलेल्या. (तुम्ही म्हणाल, तेव्हा तरी कळायला हवं होतं. मी म्हणतो, का? यातली एकही साडी मी तिच्या अंगावर पाहिलेली नव्हती. जी साडी बायको नेसत नाही ती जुनी, असा माझा हिशेब.) प्रत्येक साडीला टाचणीने चिठ्ठी लावलेली. मी चौथी पास आहे, सावकाश वाचतो. एकीवर होतं, 'पाचोऱ्याला देऊ नये.' दुसरीवर, 'धुळ्याला देऊ नये.' मला काही उमगेना. पाचोऱ्याला डुकरं नाहीत की काय. शेवटी टाचण्या डबीत नीट ठेवल्या, कारण टाचणी कामाची वस्तू आहे, आणि चिठ्ठ्या चुलीत टाकल्या.

संध्याकाळपर्यंत मी आणि मजूर सुकलाल, आम्ही दोघांनी कुंपण उभं केलं. खुंट मी स्वतः ठोकले. साड्या दुहेरी घेतल्या, काठ चरात गाडले, वरून पायाने माती दाबली. मोरपंखी, जांभळी, राणी, पिवळी. पदर वर ठेवले, दिसायला बरे. डिंपल येऊन बघत राहिली. एक पदर हातात धरला, सोडला.

"आबा, या घरच्या आहेत?"

"मग काय चोरून आणल्या?"

"नाही, म्हणजे... काम करतील." एवढं बोलून तिने फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी दोन बाया पिशव्या घेऊन थांबल्या. "काका, ही मोरपंखी केवढ्याला?" मी म्हणालो, ही माती अडवायची आहे. एक दुसरीला म्हणाली, "म्हाताऱ्याच्या द्यायचं मनात नाही, चल."

शुक्रवार उजाडला. स्लॅबला नारळ फोडायचा आणि मागून वरण-बट्टीचं जेवण, म्हणून पाहुणे बोलावलेले. शेवंताबाई चोपड्याहून परतली, स्टँडवर तिला माझी पाचोऱ्याची बहीण केसरबाई भेटली, दोघी एकाच रिक्षातून उतरल्या. त्याच वेळी धुळ्याहून गाडी आली, तीत विहीणबाई, म्हणजे मोहिनीची आई. तिघी रस्त्यावर उभ्या राहिल्या. मी पुढे झालो. मला वाटलं, कौतुक होणार.

शेवंताबाईने पिशवी खाली ठेवली.

"नवीनना बाप, हाई काय करी ठेवं?"

"कुंपण. माती अडवायला. रतिलाल अर्ज—"

"कोनतं गाठोडं लिधं?"

"वरचं."

ती पुढे काही बोलली नाही. सेहेचाळीस वर्षांत तिला काही न बोलताना मी दोनदा पाहिलंय, आणि पहिल्यांदा घरात साप निघाला होता.

बोलली ती केसरबाई. तिने मोरपंखी साडीचा पदर ओढून डोळ्यांजवळ नेला. "शेवंता, हाई मी देल शे. नवीनच्या लग्नात. मी देल साडी चिखलात गाडी का तुम्ही?"

तेवढ्यात विहीणबाई पुढे सरकल्या. धुळ्याच्या बाई शुद्ध बोलतात, म्हणून जास्त लागतं. "अहो, पण ही जांभळी मी केसरबाईंना दिली होती. बारशाच्या वेळी. ती इथे कशी?"

केसरबाईच्या हातातला पदर सुटला. म्हणजे विहीणबाईंची जांभळी केसरबाईने आम्हाला चिकटवली होती. पण ती मागे हटणारी बाई नाही. ती शेवंताबाईकडे वळली. "माझी मोरपंखी अजून तुमच्याकडेच कशी पडून?"

"पडून नव्हती," शेवंताबाई म्हणाली. "ती मी विहीणबाईंना दिलती. दिवाळीला."

आता सगळ्यांनी विहीणबाईंकडे पाहिलं. मीही पाहिलं, पण माझ्या डोक्यात काहीच शिरत नव्हतं. केसरबाईने दिली ती इकडे, इकडून धुळ्याला, मग धुळ्याहून परत इकडे कोणी आणली? माझ्यापेक्षा त्या साडीने जास्त गावं पाहिली होती.

"वास्तविक," विहीणबाई म्हणाल्या, आणि पुढे वास्तविक काय ते त्यांनी सांगितलं नाही.

आणि तेव्हा सातपुड्याकडून काळं भरून आलं. वर मिस्त्रीने स्लॅबच्या सळ्यांवर ताडपत्री ओढायला लावली, मिक्सर सुरू करू दिला नाही. खाली रतिलाल अंगणात खुर्ची टाकून बसला, हातात अर्ज, खिशाला पेन. आणि इकडे केसरबाईने मोरपंखीची गाठ सोडायला घेतली. ते बघून विहीणबाईंनी जांभळीला हात घातला.

"आत्या, सोडू नका," नवीन काकुळतीला आला. "पाऊस जाऊ द्या, मग न्या. माती गेली तर स्लॅब गेला."

"मी देल साडी मातीत नही ऱ्हावानी."

"माझ्याही नाही."

मी म्हणालो, "अहो, साडी काय अन् कापड काय." (हे मी बोलायला नको होतं. तिघी पहिल्यांदा एका बाजूला झाल्या, ती माझ्या विरुद्ध बाजू होती.)

मग शेवंताबाई चरापाशी येऊन उभी राहिली. आवाज न चढवता म्हणाली, "बठ्ठ्या साड्या ओळखी ल्या, सगळ्या. ज्यानी त्यानी घेऊन जा, माझं काही म्हणणं नाही. फक्त जी साडी सोडाल ती कोणाकडून आलती आणि कोणाला देलती, ते आत्ता सगळ्यांसमोर सांगा. मी पण सांगते. चोवीस साड्या आहेत, एकेक करू."

केसरबाईचा हात गाठीवर थांबला. विहीणबाईंनी आभाळाकडे पाहिलं.

"तशी माझ्या साडीत जरीकाम जास्त होतं," केसरबाई म्हणाली. "ही माझी नव्हे."

"दुकानात एका रंगाच्या पन्नास असतात," विहीणबाई म्हणाल्या. "मला अंधुकच दिसतं अलीकडे."

सुटलेली गाठ केसरबाईने स्वतः परत बांधली.

मग पाऊस आला. अर्धा तास नुसता कोसळला. ढिगाची काळी माती चिखल होऊन सरकत आली, साड्यांना टेकली, आणि साड्या पोटुशा बाईसारख्या फुगल्या. पाणी झिरपून खाली जात होतं, माती आत. मी छत्रीखाली उभा राहून नवीनला म्हणालो, बघ, अनुभव म्हणतात तो हा. त्याच वेळी मधला एक खुंट वाकला. (मीच ठोकलेला. बाकीचे सुकलालने नंतर गुपचूप पुन्हा ठोकले होते, तेवढा एक राहिला होता.) जांभळी साडी खाली झुकली. रतिलालने पेनाचं टोपण काढलं.

मी पळालो असतो, पण गुडघा. केसरबाई पळाली. तिने जांभळीचा पदर वर धरला, विहीणबाईंनी दुसरं टोक, शेवंताबाईने मध्ये पाठ लावली. धुळ्याच्या बाई घोट्यापर्यंत चिखलात उभ्या राहून ओरडत होत्या, "केसरबाई, तुमची बाजू उचला, तुमची बाजू," आणि केसरबाई, "तुमचीच साडी आहे, तुम्ही उचला." तसं भांडत भांडत तिघींनी ती धरून ठेवली. डिंपल भिजत फोटो काढत होती.

पाऊस थांबला. रतिलाल उठला, वाकून फरशी बघितली, बोट फिरवलं. गढूळ पाणी होतं, पण माती नव्हती. त्याने टोपण लावलं. अकराला नारळ फुटला, संध्याकाळी सहाला स्लॅब पूर्ण झाला. जेवताना तिघी बाया एका पंगतीत बसल्या आणि आपापसांत हसत होत्या. मला वाढताना मात्र बट्ट्या दोनच आल्या.

रात्री शेवंताबाईने विचारलं, "चिठ्ठ्या कुठे आहेत?"

मी टाचण्यांची डबी पुढे केली.

तिला साड्यांचं इतकं वाईट वाटलं नाही. शनिवारी नाशिकचं कापड आलं, कुंपणाला ते लागलं आणि साड्या धुवून निम्म्या परत वापरात आल्या. पण कोणती कोणाकडून आली ते आता तिलाही आठवेना, आणि कार्तिकात पुतण्या हितेंद्रचं लग्न आहे. ती दोन दिवस साड्या समोर पसरून बसली आणि मी बाहेर खुर्चीत बसलो.

तिसऱ्या दिवशी रतिलाल वर आला. अर्ज नव्हता, पण तोंड तसंच.

"झिपरूभाऊ, तुमची माती यायची बंद झाली."

"मग? तेच हवं होतं ना तुम्हाला?"

"माझी तक्रार चिखलाची होती. मातीची नव्हती. पहिल्या दोन पावसात आली ती आम्ही गोळा करून मागच्या भिंतीला वाफे केले. मेथी टाकली, निम्म्या वाफ्यात झाली, निम्मे रिकामे आहेत. आता माती कुठून आणू?"

मी त्याला काय ते ऐकवणार होतो. पण आतून शेवंताबाई बाहेर आली आणि म्हणाली, "काळजी नका करू भाऊ. काळी माती आहे, केळीवाल्याच्या हातची. रोज पाच घमेली येतील."

"कोण आणणार?" मी विचारलं.

तिने टाचण्यांची डबी माझ्या हातात ठेवली आणि आत गेली.

आज आठवा दिवस. कुंपण जागेवर आहे, पावसात त्यातून एक ढेकूळ जात नाही. मी मात्र घमेलं खांद्यावर घेऊन रोज पाच खेपा उतरतो. डिंपलने काल हिशेब करून सांगितलं, आबा, भादव्यातल्या दोन सरी जितकी माती खाली नेऊ शकल्या नाहीत, तितकी तुम्ही आठ दिवसांत नेलीत.