गाऱ्हाण्याचं खोबरं

"शब्द धाडणा म्हणजे नारळ सोडण-करवंटीसकट धाडणा! माझा यंत्र नुसता खोबरा धाडता!"

मालवणच्या किनाऱ्यावर किरणने छाती फुगवून सांगितलं. पुण्यात शिकून आलेला मुलगा. स्वतःच्या हुशारीची आरती तो त्रिकाळ करी आणि प्रसादही स्वतःच खाई! त्याच्या बिनतारी यंत्रापुढे बोलायचं. यंत्र त्यातला नुसता अर्थ हवेतून पाठवणार आणि होडीवरचं यंत्र तो बोलणाऱ्याच्याच आवाजात ऐकवणार; तिकडचं उत्तरही तसंच येणार. रेंज कमी असली तरी बेहत्तर!

"आणि नारळातला पाणी रे?" देवापुढे गावाची गाऱ्हाणी घालणाऱ्या म्हाताऱ्या दाजींनी विचारलं.

किरण हसत यंत्र पुसू लागला.

पद्मावतीबाईंच्या नव्या होडीची आज पहिली फेरी. ती भरून आली, तर किनाऱ्यावरच्या सगळ्या होड्यांवर किरणचं यंत्र बसणार, असं ठरलेलं. म्हणून तर होडी सुटताना घालायचं गाऱ्हाणं त्याने हट्टाने ती खोल समुद्रात पोचेपर्यंत लांबवलं.

दाजींनी यंत्रासमोर हात जोडले. "बा देवा म्हाराजा! लेकरांचा काय चुकला-माकला तर पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" किनारा गरजला.

होडीवरून तिचा म्होरक्या, तांडेल लवू, याचा आवाज आला, "मान्य."

"मान्य?" दाजी भडकले. "मी देवाक गाऱ्हाणा घालतंय काय सोसायटीत ठराव मांडतंय?"

"लवूच्या 'व्हय म्हाराजा'चो अर्थ तोच ओ दाजी! तुमी फुडे चला!" किरण म्हणाला.

"वाटेत जा काय संकट येतला, ता थयच अडव! जाळी भरान होडी सुखरूप परत हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पुन्हा, "मान्य." आणि थोड्याच वेळात होडी परत येताना दिसली!

"इतक्यात भरली?" पद्मावतीबाई हरखल्या. "टोपले हाडा गो!" किरण तर फोटोसाठी केस विंचरू लागला.

होडी किनाऱ्याला लागली. आत माणसं भेदरून बसलेली आणि जाळी निर्जळी एकादशी धरल्यासारखी कोरडी ठणठणीत!

"म्हावरा खंय रे लवू?"

"कसला म्हावरा काकी! दाजीच बोलले, 'चूक झाली आहे. संकट येत आहे. होडी परत आणा.' मगे जाळी टाकतलो कोण?"

"बघा, अर्थ बऱ्यापैकी पोचलो हा..." किरण पुटपुटला.

"मेल्या, संकट खंय आसा ता तरी सांग!" पद्मावतीबाई कडाडल्या.

सगळा किनारा किरणकडे बघू लागला. दाजींनी यंत्राकडे पाठ फिरवली आणि पुन्हा हात जोडले. "बा देवा म्हाराजा! ह्या पुण्यासून इलेला संकट इल्या वाटेन परत धाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि लहानपणापासूनच्या सवयीने हात जोडून, डोळे मिटून, सगळ्यांत मोठ्याने ओरडला तो किरणच!