कडू भाकर कोणी नेली?

रहस्यकथेत खून झाला की वाचणारा विचारतो, केला कोणी? आमच्या कौसल्याअक्का विचारतात, मयताच्या घरी कडू भाकर कोणी नेली?

आमच्याकडे ज्या घरातलं माणूस जातं, त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारी नाहीतर सोयरे बेसन-भाकर, म्हणजे पिठलं-भाकरी, करून आणतात आणि समोर बसून दोन घास खायला लावतात. हीच कडू भाकर. आता कादंबरीतल्या इन्स्पेक्टरला बोटांचे ठसे घ्यायचे असतात, लेखकाला पुढच्या खुनाची घाई असते. भाकरीचं कोणाच्या लक्षात राहणार? अक्कांच्या राहतं. "पहिल्याच पानावर एवढा मोठा माणूस मेला भाऊ, अन् घरात कोणी रडून न्हाई राहिलं. समदे कपाटं उघडून राहिले. बायको कालपासून उपाशी हाय, तिला कोणी विचारलं का?" असं म्हणून त्या पुस्तक माझ्या टेबलावर ठेवतात, आणि लेखक कितीही नावाजलेला असो, माझ्या मनातून तिथंच उतरतो.

नांदेडात माझं पुस्तकं भाड्यानं देण्याचं दुकान आहे. मोबाइलच्या जमान्यात ते अजून तग धरून आहे, त्यात अक्कांचा मोठा हात आहे. त्यांचे यजमान, मास्तर, गेल्यावर त्या मुदखेडहून आमच्या कॉलनीत राहायला आल्या, एकट्याच. मुलगा पुण्याला. पहिल्या दिवशी त्यांनी एक रहस्यकथा आणि एक प्रेमकथा निवडली आणि दोन वेगळ्या पिशव्या मागितल्या. मी कारण विचारलं.

"लग्नघर अन् मयतघर एका पिशवीत कामून घालता?"

मी दुसरी पिशवी काढून दिली. आजही खून वाचून संपला की डोक्यावरून अंघोळ केल्याशिवाय त्या प्रेमाला हात लावत नाहीत.

प्रेमकथा म्हणजे त्यांच्या लेखी घरी आलेलं स्थळ. नायक त्यांना सहसा पसंत पडत नाही. "पोरगा सारखा समुद्राकडं बघून राहिला. कामाधंद्याचं काय?" एका गाजलेल्या कादंबरीत नायिका पावसात भिजत असते आणि नायक तिच्या डोळ्यांत बघत अख्खं प्रकरण उभा राहतो. अक्का म्हणाल्या, "हातात छत्री हाय त्याच्या. आधी ती उघड की बाबा, मग बघ डोळ्यात." आणि नायकाची आई कुठं दिसली नाही तर त्यांना दाट संशय येतो. सासू लपवलेलं स्थळ धोक्याचं असतं, असं त्यांचं मत आहे, आणि बायको ते ऐकून माझ्याकडे बघते.

खुनी मात्र त्या असा ओळखतात की मी थक्क होतो. मी लहानपणापासून हीच पुस्तकं वाचत आलोय आणि दर वेळी शेवटपर्यंत फसतो. अक्का चहा पिता पिता सांगून मोकळ्या होतात. "ज्यानं वकील आधी बोलावला अन् सोयऱ्यांना मागून कळवलं, त्याला धरा." धरला की तोच निघतो. आता माझी गिऱ्हाइकं मागच्या पानावरची स्तुती वाचतच नाहीत. अक्कांनी पास केली का, एवढंच विचारतात.

मध्यंतरी एक नवी रहस्यकथा आली. एका गावात एक माणूस विहिरीत मेलेला सापडतो, अशी. पहिला मान अक्कांचा, म्हणून त्यांना दिली. पुस्तक काही परत येईना. गिऱ्हाइकं माझं डोकं खाऊ लागली तेव्हा एका सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. पुस्तक टीपॉयवर होतं.

"वाचून झालं का अक्का?"

"कधीच."

"खुनी?"

"शेजारीण. तिनंच ढकललं. कबूल बी केलं तिनं." मग म्हणाल्या, "पण भाऊ, मयताच्या दिवशी ती बाई बेसन-भाकर घेऊन आली. मेलेल्याच्या बायकोच्या म्होरं बसली. पहिला घास तिच्या हातावर ठेवला, अन् ती खाईपर्यंत उठली न्हाई. अशा बाईला खुनी कसं म्हणावं?"

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, पोलिसांपुढं काय चालतं अक्का. त्यांनी ऐकलं नसावं.

"आमचे मास्तर कोरोनात गेले. दवाखान्यातूनच नेलं, तोंड बी दावलं न्हाई. आमच्या गल्लीला पत्रे ठोकलेले. लई चांगली माणसं होती गल्लीत, पण येणार कसे? पोरगा तिकडं अडकलेला. फोन समद्यांचे आले. रात गेली, दिवस गेला, अन् मला भूक लागली. भूक कुठं ऐकते का? मग मीच उठले, गॅस पेटवला, अन् एक भाकर टाकली." त्यांनी पुस्तकावरून हात फिरवला. "मयतघरात मीच चूल पेटवली भाऊ. मास्तरांना काय वाटलं असंल."

पुस्तक मी तिथंच ठेवलं आणि घरी आलो. जे मी इतके दिवस तऱ्हेवाईकपणा म्हणून लोकांना हसत हसत सांगत होतो, ते काय होतं ते आता कळलं होतं आणि मला भडभडून आलं. बायकोला सगळं सांगितलं. ती परातीत पीठ घेऊन बसली. इतक्या वर्षांनी कडू भाकर नेतात का, असं मी विचारलं. "सांत्वनाला तिथी लागत नसते," ती म्हणाली.

दुपारी आम्ही दोघं गेलो. बायकोनं फडकं सोडलं. भाकरी आणि बेसन बघून अक्का खालीच बसल्या. बायकोनं घास मोडून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

मग पदर सावरून त्यांनी आमच्याकडे आळीपाळीनं नीट निरखून बघितलं.

"तुम्ही कोणाला विहिरीत ढकललं न्हाई न्हवं?"

"न्हाई अक्का," बायको म्हणाली.

अक्कांनी मान हलवली आणि दुसरा घास आपल्या हातानं मोडला.