रकाना सात : लष्करी की नागरी

एखादी वस्तू आकाशातून उडत गेली, एवढ्यावरून ती विमान ठरत नाही; त्यासाठी ती आधी कागदावर उतरावी लागते. हे तत्त्व मोठमोठ्या देशांना उमगायला फार वर्षं लागली. सेलू तालुक्यातल्या आमच्या निंबखेड्याला ते एका उन्हाळ्यात उमगलं, आणि त्यात माझा खारीचा वाटा आहे. (मी समितीचा सचिव होतो. वाटा खारीपेक्षा बराच मोठा होता, पण लिहिताना नम्र राहावं.)

घटना साधी आहे. एप्रिलातल्या एका सकाळी कोकिळाबाईंनी गच्चीवर चार बाजा टाकून, त्यांवर धुतलेली लुगडी अंथरून कुरड्या वाळत घातल्या होत्या. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक काढून, पहाटे उठून घाटून घातलेल्या. लेक निकिताचं लग्न महिन्यावर आलेलं आणि या कुरड्या रुखवतात जायच्या होत्या. साडेदहाच्या सुमारास एक हेलिकॉप्टर गावावरून इतकं खालून गेलं, की देवळावरचा झेंडा वारा नसलेल्या बाजूला फडकला. धूळ बसली तेव्हा बाजा होत्या, एक लुगडं होतं, कुरड्या नव्हत्या.

बातमी वालूरला पोचली. तिथल्या धुरपताबाई म्हणजे होणाऱ्या विहीणबाई. त्यांचा निरोप आला: "कुरड्या केल्या न्हाईत तर न्हाई म्हणा. इमानानं नेल्या म्हणून आमाला शेंडी लावू नका. खरंच नेल्या असल्या तर कागद दाखवा, मंग तारखेचं बोलू." (आमच्याकडे विमानाला इमान म्हणतात. त्यामुळे निरोपाचे दोन अर्थ निघत होते, आणि दोन्ही लागत होते.)

कोकिळाबाई तडक ग्रामपंचायतीत आल्या. रडल्या नाहीत, खुर्चीवर बसल्याही नाहीत. म्हणाल्या, "कुरड्या म्या दुसऱ्या घालीन. पर खोटारडीची लेक म्हणून पोरगी नांदायची कशी? तेवढा एक कागद द्या."

मागणी रास्त होती, त्यामुळे ती मंजूर व्हायला वेळ लागला.

आकाशातून झालेल्या नुकसानीच्या दाखल्याचा एक नमुना असतो. त्यात अर्जदाराचं नाव, वीज, गारा, वादळ वगैरे रकाने ओलांडले की सातवा येतो: 'विमान : लष्करी / नागरी. लागू नसेल ते खोडावे.' मी खोडायला पेन उचललं, तेवढ्यात सरपंच चंद्रभानराव म्हणाले, थांबा. नागरी खोडलं आणि ते नागरी निघालं, तर? लष्करी खोडलं आणि लष्करानं वाचलं, तर? खोडलेलं परत लिहिता येत नाही. एवढी दूरदृष्टी मी दुसऱ्या कुठल्या माणसात पाहिलेली नाही, आणि चंद्रभानरावांना तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे.

मग बयानं घेतली. एकूण साक्षीदार एकतीस. हेलिकॉप्टर हिरवं होतं म्हणणारे चौदा, पांढरं म्हणणारे नऊ, डोळ्यांत धूळ गेल्यानं काहीच न दिसलेले पाच, आत बसलेल्या माणसानं आपल्याला हात केला असं सांगणारे दोन. उरल्या तानुबाई. त्यांनी हेलिकॉप्टर पाहिलंच नव्हतं; त्या फक्त कुरड्यांकडे बघत होत्या आणि कुठली कुठं पडली तेही सांगायला तयार होत्या. विषयाला सोडून असल्यामुळे त्यांचं बयान घेतलं नाही.

एवढ्यावरून निर्णय होईना, तेव्हा प्रमाणभूत संदर्भग्रंथ घ्यायचं ठरलं आणि त्याच्या निवडीसाठी समिती नेमली गेली. समितीनं पहिल्याच बैठकीत हेलिकॉप्टर हे विमान आहे का, हा मूळ प्रश्न निकाली काढला. ठराव असा: जे उडतं आणि अंडी घालत नाही, ते विमान. दुसऱ्या बैठकीत चहा झाला.

पहिला ग्रंथ टपालानं आला. इंग्रजी, सहाशे बारा पानी, जगातली झाडून सगळी विमानं त्यात होती. समितीनं तो आदरानं चाळला आणि नाकारला. कारण त्यातलं प्रत्येक विमान बाजूनं दिसत होतं. निंबखेड्यात आजतागायत कुणीही विमानाच्या शेजारी उभं राहिलेलं नाही; आम्हाला सगळ्यांची पोटंच ओळखीची. पोटांचं पुस्तक आहे का, असं आम्ही प्रकाशकाला रीतसर विचारलं. उत्तर आलेलं नाही.

दुसरा पर्याय मोबाईलमधला होता. डोक्यावरून जाणारं विमान कोणतं, कुठून कुठं चाललंय, सगळं तो सांगतो. फक्त त्याला रेंज लागते, आणि आमच्या गावात रेंज पाण्याच्या टाकीवर असते. समिती टाकीवर चढेपर्यंत विमान नागपूर ओलांडायचं. तरी आम्ही आठ दिवस बैठका टाकीवरच घेतल्या, कारण वर वारं छान असतं. एकदा खालून कोकिळाबाईंनी आवाज दिला, काही तपास लागला का? चंद्रभानरावांनी वरून आनंदानं सांगितलं की आत्ता तुमच्या घरावरून मस्कतहून कोलकात्याला जाणारं गेलं. बाईंनी विचारलं, "त्यात कुरड्या हायत का?" ही माहिती त्या मोबाईलमध्ये मिळत नाही, हा त्याचा मोठा दोष ध्यानात आला आणि तोही पर्याय बाद झाला.

लग्न आता बारा दिवसांवर आलं होतं. बाई रोज येत होत्या. नव्या कुरड्या घालून झाल्या होत्या, डबा भरला होता. दाखला तेवढा राहिला होता. समितीवर दबाव येऊ लागला, म्हणून आम्ही निकष ठरवले: ग्रंथ मराठीत असावा, रंगीत चित्रं असावीत, आणि मुखपृष्ठावर 'लष्करी' किंवा 'नागरी' यांपैकी एक शब्द तरी ठळक असावा.

कृषी सेवा केंद्रवाले शिवप्रसाद समितीचे सदस्य. ते उठले, दुकानात गेले आणि औषध कंपनीनं फुकट वाटलेली एक पुस्तिका घेऊन आले: 'लष्करी अळी : ओळख, नुकसान व नियंत्रण'. मराठी होती. रंगीत होती. पहिलाच शब्द ठळक होता. ती मक्यावरच्या अळीची आहे हे आम्हाला कळलं नाही, असं कुणी समजू नये. इथं जन्म गेला आमचा. पण लष्करी काय असावं, हे निकषांत कुठंच नव्हतं. ही बाब मीच ध्यानात आणून दिली आणि ग्रंथ एकमतानं निवडला गेला. (पान तीनवर अंड्यांचा उल्लेख आहे. ठराव मागाहून दुरुस्त करता येतो.)

ग्रंथावरून ओळख पटवणं सोपं गेलं. पुस्तकात लिहिलं होतं, 'प्रादुर्भाव अचानक होतो.' तसाच झाला होता. 'थोड्या वेळात सर्व फस्त होते.' झालंच होतं. 'डोक्यावर इंग्रजी वाय अक्षर उलटं केल्यासारखी खूण.' हेलिकॉप्टरचं डोकं कुणी पाहिलं नव्हतं, तेव्हा खूण नव्हती असंही कुणाला म्हणता येईना. रकाना सातमधलं 'नागरी' मी पट्टीनं खोडलं.

दाखल्याचा मजमून मी ग्रंथातूनच अक्षरशः उतरवला, म्हणजे पुढं भाषेवरून वाद नको: 'प्रमाणित करण्यात येते की, कोकिळाबाई यांच्या रुखवताच्या कुरड्या लष्करीच्या प्रादुर्भावाने फस्त झाल्या आहेत. शिफारस : एकरी पाच कामगंध सापळे लावावेत.' सही, शिक्का, तारीख. बाईंना वाचता येत नाही. त्यांनी कागद डोळ्यांना लावला आणि आम्हाला एकेकाला नमस्कार केला. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू.

वालूरला तो कागद धुरपताबाईंच्या धाकट्या जावेनं चारचौघांत मोठ्यांदा वाचला.

तिसऱ्या दिवशी कोकिळाबाई आल्या. दाखला चंद्रभानरावांपुढं ठेवला. म्हणाल्या, "आळ्या पडलेल्या कुरड्या घालणारीची लेक नको म्हनले. पहिल्यांदा म्या नुसती खोटारडी व्हते, भाऊ. तुमी मला शिक्क्यानिशी घाण केलं." आणि गेल्या. दाखला परत करायचा असेल तर वेगळा अर्ज लागतो, हे सांगायला मी दारापर्यंत गेलो; तोवर त्या वळणाआड गेल्या होत्या.

(लग्न मोडलं. हा विषय समितीच्या कक्षेबाहेरचा आहे.)

समितीचं काम मात्र थांबलेलं नाही. आता नागरीच्या ग्रंथाचा शोध चालू आहे, कारण एकच बाजू ऐकून निर्णय घेणं बरं नव्हे. सभासद वाढवायचे आहेत. उमेदवाराची परीक्षा सोपी आहे, एकच प्रश्न. वाचक हो, खरं सांगा: इथवर वाचताना तुमच्या मनात निकिताचं पुढं काय झालं असेल हे आलं, की ते हेलिकॉप्टर नेमकं हिरवं होतं का पांढरं, हे?

रंगाचंच ना? मग उद्या या, बैठक टाकीवर आहे.